हायड्रोचं बिल

परवा दुपारच्या चहाला बसले होते, तर टोरांटोहून मावसबहिणीचा फोन. तिच्याकडे नुकतं उजाडत होतं. "अगं, यंदा हायड्रो फार आलंय," ती म्हणाली. हायड्रो म्हणजे पाणी, म्हणून मला वाटलं, तळघरात पाणी शिरलं. चांगली दोन मिनिटं मी तिला धीर देत होते. मग कळलं, हायड्रो म्हणजे लाईट बिल. तिकडे विजेच्या खांबालासुद्धा हायड्रो पोलच म्हणतात.

ही सगळी नायगाराची पुण्याई. १९०६ साली टोरांटोच्या ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारने जलविद्युत आयोग नेमला आणि त्यावर ॲडम बेक नावाचा, सिगारच्या खोक्यांचा कारखाना असलेला माणूस बसवला. १९१० मध्ये धबधब्याची वीज गावांत पोचू लागली आणि तिचं घरगुती नाव पडलं हायड्रो. आता तिथली साधारण निम्मी वीज अणुभट्ट्यांतून येते. कोळशाचं शेवटचं केंद्र २०१४ सालीच बंद झालं. पण बिल अजून पाण्याचंच.

हसणार होते मी तिला. पण आपलं तरी काय? गीझर, फ्रीज, मिक्सर, पाण्याचा पंप, त्यात दिवे कितीसे? तरी येतं ते लाईट बिल. भर दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, पंखा थांबला की आपण म्हणतो, लाईट गेली. शेतकरी रात्री दोनला उठून मोटर चालू करायला अंधारात चाचपडत जातो, तोसुद्धा 'लाईट आली' म्हणून! खरं नाव द्यायचं तर महाराष्ट्रात त्याला कोळसा बिल म्हणायला हवं.

माझं आजोळ पाटण तालुक्यातलं. कराडला कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेचं पाणी धरणात अडवून, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजघराकडे उतरवलंय. आजोबा म्हणायचे, "पाणी गेलं कोकणात, लाईट गेली मुंबईला, आपल्याला राहिला कंदील." त्या कंदिलाची काच पुसायचं काम माझं, कारण घरात तेवढाच एक हात तिच्यात मावायचा. चुलीतली राख, जुन्या धोतराचा तुकडा, आणि आजीचं लक्ष, "फोडशील गं!" मनगट आत अडकलं की घाम फुटायचा. काच पुसून, वात कापून सगळं झालं की हमखास लाईट यायची. वाडीभर एकच ओरडा, "आऽली!" आणि आजी पदर सावरून त्या पिवळ्या बल्बला हात जोडायची.

ही खोड माझ्यातही उतरलीय. तिन्हीसांजेला बटण दाबलं की हात आपोआप जुळतात. लेक म्हणते, "आई, आता फ्रीजलाही कर." दुसरी खोड, रिकाम्या खोल्यांतले दिवे विझवत फिरायचं. "कुणासाठी जळतोय तो, भुतांसाठी?" हे आजीचं वाक्य मी जसंच्या तसं वापरते.

बहिणीलाही तेच ऐकवलं. म्हटलं, कारखाने-बिरखाने सगळं धरून आपल्याकडे माणशी वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास वीज, तुमच्याकडे साधारण दसपट. ती म्हणाली, "उणे वीसमध्ये ये आणि मग हीटर बंद कर." तिचं घर विजेवर तापतं, मुकाट्याने ऐकून घेतलं. मग मी आईसलंड काढलं. तिथे माणशी ५०,००० युनिटांच्या वर. पण ती वीज बरीचशी ॲल्युमिनियमच्या कारखान्यांत जाते. नद्या आहेत, जमिनीखालची वाफ आहे, माणसं चार लाखांच्या आत. तिथली आजी काही दिवे विसरत नसणार. सरासरी काढणाऱ्यांना एकदा कंदिलाची काच पुसायला बसवावं.

"ते जाऊ दे," ती म्हणाली, "तुझं किती आलं?" बिल शोधायला ड्रॉवर उघडला, तर त्यात गॅसचं पुस्तक, रबरबँडं आणि दोन मेणबत्त्या. बिल नाहीच.

फोन ठेवला तोवर दिवेलागण झाली होती. ट्यूब लावली, हात जोडले. संध्याकाळी मागणी वाढली की कोयनेची यंत्रं चालवतात म्हणे. म्हणजे नमस्कार आजोळी पोचलाही असेल. नाहीतर चंद्रपूरच्या कोळशाला. तोही कधीतरी झाडच होता.