डाव्या हाताला गप्प बसवताना

काही वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात ‘पथेर पांचाली’ हा चित्रपट पाहिला आणि दसरा चौकातून घरी येईपर्यंत त्यातील बासरीची सुरावट डोक्यात घुमत राहिली. ती एकट्या पियानोवर वाजवता येईल अशी मांडणी करावी, असे तेव्हापासून मनात होते. या पावसाळ्यात ते काम अखेर हाती घेतले.

1955 साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे संगीत पंडित रविशंकर यांनी एका रात्रीत, सुमारे 11 तासांच्या बैठकीत पूर्ण केले होते. मुख्य सुरावट इतकी साधी आहे की ती उजव्या हाताने वाजवायला मला पंधरा मिनिटेही लागली नाहीत, आणि तेवढ्यावरच काम सोपे आहे असा माझा गैरसमज झाला.

पहिली अडचण श्वासाची होती. बासरीवादक लांब स्वर धरून त्याला हवा तसा फुगवू शकतो, तर पियानोचा हातोडा तारेवर पडला की त्या क्षणापासून स्वर विरतच जातो. त्यातही वरच्या सप्तकांतील तारा आखूड असल्यामुळे तेथील स्वर फारच लवकर संपतात. मी बासरीचा उजळपणा राखण्याच्या हट्टाने सारी सुरावट वर वाजवत होतो आणि ती खेळण्यातल्या घंटीसारखी टिचकत होती. शेवटी ती पूर्ण एक सप्तक खाली आणली, तेव्हा लांब स्वरांना थोडा दम मिळाला. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, तर पियानोवर येतच नाही. तिच्या जागी मी मुख्य स्वराच्या आधी शेजारच्या पट्टीचा अगदी हलका कणस्वर ठेवला. तोही सगळीकडे वापरला की ठसक्यासारखा ऐकू येतो, म्हणून आता पूर्ण मांडणीत असे चारच कण उरले आहेत.

खरी लढाई डाव्या हाताची झाली. पियानो शिकलेल्या माणसाचा डावा हात रिकामा राहिला की तो अस्वस्थ होतो, आणि मीही पहिल्या खर्ड्यात प्रत्येक स्वराखाली भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ, घातल्या होत्या. वडील पेटी वाजवतात आणि देवल क्लब या संगीत संस्थेच्या मैफलींना अनेक वर्षे जात आले आहेत. त्यांनी आतल्या खोलीतूनच सांगितले, “डावा हात लई बोलतोय, त्याला जरा गप कर की.” मला रागच आला, कारण ते बरोबर होते. मूळ संगीत एका स्वररेषेवर उभे आहे. तिच्याखाली गांधार (ग) असलेली कॉर्ड ठेवली की ती लगेच मेजर (शुद्ध गांधाराची) किंवा मायनर (कोमल गांधाराची) ठरते आणि तिचा मोकळेपणा जातो.

म्हणून डाव्या हाताला मी फक्त खालचा षड्ज (सा) आणि पंचम (प) दिला, तोही दर दोन ओळींनी एकदाच. याला नादशास्त्राचाही आधार आहे. स्वरांमधले अंतर सेंट या एककात मोजतात; सप्तकाचे 1200 सेंट मानले, तर पियानोचा पंचम 700 सेंटवर आणि नैसर्गिक पंचम सुमारे 702 वर असतो, म्हणजे हा फरक कानाला फारसा कळत नाही. शुद्ध गांधार मात्र पियानोवर 400 आणि निसर्गतः सुमारे 386, एवढा चढा असतो. स्थिर खर्जावर तो धरून ठेवला की तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला खटकतोच. (पेटीवरची ही तक्रार आमच्या घरी जेवणाच्या ताटावरही निघते.)

स्वर लांबवण्यासाठी पायाने दाबायच्या पेडलबद्दल थोडक्यात सांगतो. माझ्या डिजिटल पियानोचे पेडल फक्त चालू किंवा बंद एवढेच जाणते, अर्धे दाबण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे स्वर एकमेकांत मिसळून चिखल होऊ नये म्हणून ते दर ओळीला सोडावे लागते.

मांडणी आता अडीच मिनिटांची झाली आहे. सुरावट तीनदा येते: प्रथम एकटी, मग षड्ज-पंचमावर, आणि शेवटी डाव्या हाताकडे खर्जात, तेव्हा उजवा हात मांडीवर असतो. मध्ये मी स्वतः रचलेला सोळा मात्रांचा एक तुकडा होता. तो मला आवडत असे, पण तो वाजला की चित्रपट विसरून मी आठवत असे, म्हणून काढून टाकला. तिसऱ्या आवर्तनातील शेवटचा उतार अजून अडतो आहे. तेथे बासरी घसरत खाली येते, आणि माझ्यापाशी त्या वाटेवर दोनच पट्ट्या आहेत.