तुलांबेनच्या काळ्या वाळूत

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरचं तुलांबेन बहुतेकांना माहीत असतं ते ‘लिबर्टी’ या बुडालेल्या जहाजामुळे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणतीर लागलेलं हे जहाज किनाऱ्याला आणून टेकवलं होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला आणि ते पाण्यात सरकलं. मी मात्र गेले होते तिथल्या काळ्या वाळूतल्या नखाएवढ्या जिवांसाठी. न्यूडिब्रँक, म्हणजे शंख टाकून दिलेल्या समुद्री गोगलगायी.

पहिल्या डाइव्हमध्ये काही दिसलं की गाइड सळईने पाठीवरच्या हवेच्या टाकीवर टकटक करायचा, मी घाईघाईने तिकडे जायचे आणि माझ्या फिन्सनी, म्हणजे पायातल्या वल्ह्यांनी, वाळू उडायची. फ्लॅशच्या उजेडात तो प्रत्येक कण चमकला. एकही फोटो धड आला नाही. वर आल्यावर गाइड म्हणाला, “उद्या कॅमेरा खोलीवरच ठेवा.” खूप लागलं मनाला, पण त्याचं बरोबर होतं. दुसरा अख्खा दिवस मी वाळूच्या वीतभर वर नुसती तरंगत राहिले. श्वास घेतला की शरीर वर जातं, सोडला की खाली येतं, तेही क्षणभर उशिरा. पाय बेडकासारखे मारायचे, म्हणजे वाळू ढवळत नाही.

मग कळलं की मी शोधतही चुकीचं होते. मी रंग शोधत होते. आठ-दहा मीटरवर लाल रंग जवळजवळ विरून जातो. टॉर्च मारेपर्यंत लालभडक गोगलगायही मातकट दिसते. गाइड गोगलगाय शोधतच नव्हता, तो तिचं खाणं शोधत होता. यांतल्या बऱ्याच जातींचं खाणं ठरलेलं असतं. काही समुद्रतळाला चिकटून राहणारे स्पंज नावाचे प्राणी खातात आणि त्यातलं विष अंगात साठवतात. तो भडक रंग म्हणजे माशांना दिलेली ताकीद. काही हायड्रॉइड, म्हणजे झुडपासारखे दिसणारे दंश करणारे बारीक प्राणी, खातात आणि त्यांच्या दंशपेशी न पचवता स्वतःच्या पाठीवरच्या टोकांत साठवून ठेवतात. हे ऐकून मी थक्क झाले होते.

एका मखमली हिरव्या शैवालावर त्याने कोस्टासिएला दाखवली. काही मिलिमीटरची, हुबेहूब कोरफडीचं इवलंसं रोप. ती खरं तर न्यूडिब्रँक नव्हे, समुद्री गोगलगायींच्या दुसऱ्या गटातली. खाल्लेल्या शैवालातली हरितलवकं, म्हणजे उजेडातून अन्न बनवणारे हिरवे कण, अंगात जिवंत ठेवते.

माझ्या टीजी-६ कॅमेऱ्याचा मायक्रोस्कोप मोड एक सेंटिमीटरवरूनही फोकस करतो. पण तितक्या जवळून आपल्या श्वासानेही फोकस हलतो. म्हणून सावकाश श्वास सोडता सोडता बटण दाबायचं. श्वास रोखायचा मात्र नाही, डायव्हिंगचा तो पहिला नियम. फ्लॅश बंद, टॉर्च बाजूने. कॅमेरा गोगलगायीच्या पातळीवर हवा, वरून ती नुसता डाग दिसते. आणि फोकस डोक्यावरच्या दोन शिंगांवर. तिच्या डोळ्यांना जेमतेम उजेड-अंधार कळतो. वास घेते ती या शिंगांनी.

चौथ्या दिवशी एका दगडावर पांढुरकी फीत दिसली, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. अंडी! म्हणजे आई फार लांब नसणार. शेजारच्या स्पंजाच्या आडोशाला टॉर्च फिरवला. निळं अंग, काळ्या रेघा, नारिंगी काठ: क्रोमोडोरिस ॲनी, न्यूडिब्रँकचीच एक जात. अकरा फोटो काढले, शेवटच्यात दोन्ही शिंगं स्पष्ट आली.

मग मी टाकीवर टकटक केली, आणि या वेळी गाइड माझ्याकडे पोहत आला.