६२ कपड्यांची यादी

जुलै २०२३. फोंड्यात पावसाने नुसती झड लावली होती आणि इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत ३१ तारखेला संपत होती. प्राथमिक शाळेत मला शिकवलेल्या बाई छत्री मिटवून आत आल्या. पिशवीतून पेन्शनचे कागद निघाले, मेडिक्लेमची पावती निघाली, आणि शेवटी वहीची चार पानं.

सर, म्हणजे बाईंचे यजमान, जाऊन आठ महिने झाले होते. फेब्रुवारीत बाईंनी त्यांचे कपडे एका संस्थेला दिले. त्याआधी उन्हात वाळवले, तुटलेली बटणं लावली, इस्त्री केली आणि एकेकाची नोंद केली. सफारी दोन. लेंगे सहा. टेरिकॉटची पँट, चेन नवी. असे ६२. शाळेत हजेरी लिहायच्या तेच अक्षर.

सोबत संस्थेचं फॉर्म १०-बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र होतं. रक्कम १८,५०० रुपये. ओळखीच्या एका करसल्लागाराने त्यांना सांगितलं होतं, निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, बिनधास्त लावा.

होत नाही. देणग्यांच्या वजावटीचं कलम ८०-जी, त्याच्या पाचव्या स्पष्टीकरणात स्वच्छ लिहिलं होतं की देणगी पैशाच्या रूपात असेल तरच वजावट. रोखीलासुद्धा दोन हजारांची मर्यादा आहे. घोळ होतो तो कागदामुळे. संस्थेला मिळालेल्या वस्तूंचीही माहिती द्यावी लागते, म्हणून वस्तूंचंही प्रमाणपत्र निघतं आणि देणाऱ्याला वाटतं, आपल्याला हक्क मिळाला. रिटर्नमध्येही ‘रोख’ आणि ‘इतर मार्गाने’ असे दोन रकाने आहेत. दुसरा चेक आणि बँकेसाठी, पण कपडे त्यात सहज घुसवता येतात. असे घुसवलेले मी पाहिलेत, आणि मला ते अजिबात पटत नाही.

“पण आमचं बाय तिकडे दरवर्षी लावतं ना रे?” मुलगी न्यू जर्सीला. तिथला कायदा वेगळा. कपडे चांगल्या स्थितीत हवेत, बाजारात जुने म्हणून जी किंमत येईल तेवढीच धरायची, आणि पाचशे डॉलरच्या वर गेलं की फॉर्म ८२८३ भरायचा. तेही तिथल्या कायद्याने मान्य केलेल्या संस्थेला दिले तरच. फोंड्यात दिलेले कपडे तिलाही लावता येणार नव्हते.

मी हिशेब मांडून दाखवला. वीस टक्क्यांचा टप्पा, त्यावर सेस: वजावट सोडली तर १,९२४ रुपये जास्त कर.

“भर,” बाई म्हणाल्या. “ती किंमत संस्थेने घातली. मी यादीत एकाचीही लिहिली नव्हती.”

खरंच, चारही पानांवर एकही आकडा रुपयांचा नव्हता. मी प्रमाणपत्र बाजूला ठेवलं, यादी मात्र त्यांच्या हातात परत दिली.

रिटर्न भरून झालं. पडताळणीसाठी आधारचा ओटीपी लागणार होता. बाईंनी पिशवीच्या तळातून बटणांचा जुना फोन काढला. आधारला नंबर सरांचा जोडलेला होता.

“रोज चार्ज करते,” म्हणाल्या, आणि चष्मा लावून सहा आकडे मला दोनदा वाचून दाखवले.