पेज आणि शेवटचे चाळीस मीटर

आमच्या शाळेचं मैदान जांभ्याचं. पोरं पडली की गुडघे सोलवटतात. म्हणून अडथळ्यांचा सराव मी गुहागरच्या किनाऱ्यावरच घेतो. ओहोटीला ओल्या वाळूची घट्ट पट्टी उघडी पडते, तिच्यावर पोफळीच्या रिपांचे दहा अडथळे रोवायचे. उंची ७६.२ सेंटीमीटर. पहिला ४५ मीटरवर, पुढे दर ३५ मीटरला एक आणि दहाव्यानंतर ४० मीटर मोकळे.

त्या शनिवारी नववीतली एक मुलगी धावत होती. सातव्या अडथळ्यापर्यंत पाऊल कुठे चुकलं नाही. आठव्याची रीप पाडली. नवव्यापाशी पावलं तोडत आली, कशीबशी पलीकडे गेली. शेवटच्या चाळीस मीटरांत मान मागे पडली, हात आडवे यायला लागले.

"शेवटी जीव का सोडतेस?" मी ओरडलो.

ती वाळूत बसली. पाण्याची बाटली दिली, तर बोटं इतकी थरथरत होती की झाकण फिरेना. ते बघून माझा राग गेला.

"सकाळी काय खाल्लंस?"

"पेज, सर. आणि लोणचं."

"काल रात्री?"

"पेजच."

मीही तिच्या शेजारी बसलो. १९८४चं लॉस एंजेलिस. महिलांची ४०० मीटर अडथळा शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. पी. टी. उषा ५५.४२ सेकंद, रोमानियाची कोजोकारू ५५.४१. एका शतांशाने कांस्य गेलं. उषाने शेवटी छाती पुढे झोकली नाही, एवढंच मी इतकी वर्षं मुलांना सांगत आलो. पण तिथे आपल्याकडचं जेवण मिळेना म्हणून भाताची पेज आणि लोणच्यावर भागवलं आणि शेवटच्या ३५ मीटरांत ताकद टिकली नाही, हे तिने स्वतःच पुढे सांगितलं आहे. केरळातल्या पय्योळीची पोर, आमच्यासारखीच समुद्राकाठची. दोनच वर्षांनी सेऊलच्या आशियाई स्पर्धेत तिने चार सुवर्णपदकं घेतली, त्यांत ही शर्यतही होती. मला तर लॉस एंजेलिसपेक्षा ते सेऊल मोठं वाटतं.

मी हे वाचलेलं होतं. तरी माझ्या या विद्यार्थिनीला पोटाचं विचारायला मला तिची बोटं थरथरलेली बघावी लागली, हे आजही सलतं.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आई मासळी विकते. चांगली मासळी बाजारात जाते, घरात उरेल ते. काय बोलावं या विचाराने मी दारातच घुटमळलो. मग सगळं सांगितलं, उषाची पेजसुद्धा.

"रोज अंडी नाही जमायची, सर," ती म्हणाली. जरा वेळाने उठली, आतून सुकटीचा डबा आणून माझ्यासमोर उघडला. "हे चालेल? नाचणीच्या भाकरीबरोबर?"

"चालेल म्हणजे काय, उत्तमच."

"धावायच्या किती आधी द्यायचं?"

"दोन तास."

तिने मनाशी हिशेब केला. "मग पाचाच्या आत भाकऱ्या थापते. लिलावाला त्यानंतरच जाईन."