चाळीस दिवस जमतात, पन्नास का नाही?

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते. खरं तर त्या दिवशी मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) यायलाच हवं असं बंधन नाही, तरी सगळे येतात, कपाळावर राख घेतात. ईस्टरनंतरच्या सोमवारी मात्र माझ्या वाट्याचं वाचन करायला उभी राहिले की समोर मोकळे बाक दिसतात. पुढचे सहा-सात आठवडेही तीच गत. सण संपला, मंडळी पांगली!

पण सण संपलेला नसतो. येशूच्या पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, तो सुरू होतो आणि पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, पन्नास दिवस चालतो. उपवासकाळ चाळीस दिवसांचा. दिनदर्शिकेवर मोजलं तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ भरतात, कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. म्हणजे चर्चने दुःखापेक्षा आनंदाला दहा दिवस जास्त दिले आहेत. आपण नेमकं उलटं करतो. चाळीस दिवस गोड सोडतो, दर शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या मुक्कामांची प्रार्थना) करतो, मोबाइल लांब ठेवतो. आणि आनंद? एका दुपारच्या जेवणात उरकतो.

मला वाटतं, त्यागाचा हिशेब ठेवता येतो म्हणून तो सोपा जातो. साखर सोडली की सोडली, रात्री मनात खूण करता येते. आनंदाची खूण कुठे करायची? शिवाय भक्ती म्हणजे गंभीर चेहरा, ही समजूत आपल्यात फार खोल मुरली आहे. जुन्या चर्चला ती मान्य नसावी. ३२५ साली निकाया इथे जी धर्मसभा भरली, तिच्या शेवटच्या नियमात म्हटलं आहे की रविवारी आणि पेंटेकॉस्टपर्यंतच्या दिवसांत गुडघे टेकू नयेत, प्रार्थना उभ्यानेच करावी. आनंदासाठी चक्क नियम! आजही ईस्टरच्या पहिल्या आठ दिवसांतला प्रत्येक दिवस महासणाच्या दर्जाचा असतो, म्हणून त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य करायचं बंधन नसतं. हे सांगितलं की आमच्या प्रार्थनागटातल्या बायका माझ्याकडे संशयाने बघतात.

हा सगळा विचार मी पुस्तकात बसून केलेला नाही. माझे वडील गेले ते ईस्टरच्या आठवड्यात. तोपर्यंत माझा उपवासकाळ त्यांच्या उशाशीच गेला होता, आणि दुःखाच्या त्या सगळ्या प्रार्थना माझ्याच मापाच्या वाटत होत्या. अंत्यविधीच्या मिस्साला मात्र वेदीवर शुभ्र वस्त्रं, फुलं, आणि प्रत्येक गाण्यात आल्लेलुया हा आनंदघोष. मला ते सहन होत नव्हतं. शवपेटीजवळ पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती जळत होती, चार-पाच दिवसांपूर्वी ईस्टरच्या जागराच्या रात्री पेटवलेली तीच. अशाच मेणबत्तीवरून बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची छोटी मेणबत्ती पेटवतात. तेव्हा हे काही सुचलं नाही. नुसता राग आला होता.

महिन्याभराने पुन्हा वाचनाची पाळी आली. या काळात पहिलं वाचन जुन्या करारातून नसतं, नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांतून असतं. ते वाचताना आणि नंतर शुभवर्तमान ऐकताना पहिल्यांदाच एक गोष्ट नजरेत भरली: पुनरुत्थानाच्या बातमीने शिष्यांपैकी कुणी लगेच नाचायला लागलेलं नाही. मग्दालिया मरीया ही शिष्या येशूच्या कबरेपाशी रडत उभी आहे आणि समोरच्या प्रभूला माळी समजते. अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्य मैलोन्‌मैल त्याच्याशी बोलत चालतात, तरी ओळखत नाहीत. थोमा या शिष्याला विश्वास ठेवायला आठवडा लागतो. त्याच्यावर आपण अविश्वासू म्हणून शिक्का मारून मोकळे होतो, पण बाकीच्यांचं काय? त्यांनी तर प्रभूला स्वतः पाहिलेलं होतं, आणि आठ दिवसांनीही त्यांची दारं बंदच होती! थोमाचा हा उतारा दरवर्षी ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी वाचतात. बाकीच्या बहुतेक रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राप्रमाणे बदलत राहतात, पण हे नाही. पेत्र तर मासे धरायला निघून जातो, जुन्या धंद्याकडे.

पन्नास दिवस म्हणूनच लागत असावेत. दुःख एका दिवसात अंगावर कोसळतं, आनंद अंगात मुरायला वेळ घेतो. त्या वर्षी मलाही आल्लेलुया गळ्यातून नीट निघायला पेंटेकॉस्टच उजाडला.

तेव्हापासून उपवासकाळात मी विशेष काही ठरवत नाही, सगळ्यांबरोबर जे असतं ते करते. ठरवते ते या पन्नास दिवसांचं. क्रुसाच्या वाटेसारखीच चौदा मुक्कामांची एक 'प्रकाशाची वाट' असते, रिकाम्या कबरेपासून पवित्र आत्म्याच्या आगमनापर्यंत. ती मी शुक्रवारी घरी एकटीच करते. (चर्चमध्ये सुरू करू या, असं सुचवून पाहिलं. "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळालं.) आणि आठवड्यातून एकदा, घराबाहेर पडू न शकणाऱ्या कुणाकडे तरी जाते. तिथे आजारावर बोलायचं नाही असं मनाशी ठरवून जाते. दरवेळी जमतं असं नाही, कारण समोरच्याला तेच बोलायचं असतं.

गेल्या वर्षी एका आजींच्या दारात उभी राहून मी म्हटलं, "आजी, ईस्टरच्या शुभेच्छा!" त्या चष्मा सावरत म्हणाल्या, "अगं, महिना झाला की ईस्टर होऊन."

"नाही हो, अजून चालूच आहे."

त्यांनी मला आत घेतलं, खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या, "असं होय? मग तो संपेपर्यंत दर आठवड्याला येत जा."