सिंह नाही पाहिला, लांडगा पाहिला

लग्नात, सोसायटीच्या हळदीकुंकवाला, परवा तर दातांच्या दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्यासुद्धा प्रश्न तोच. "आफ्रिकेत सहा वर्षं होतात ना तुम्ही? मग सिंह पाहिलात का?" पूर्वी मी "नाही हो" म्हणून गप्प बसायचे. समोरच्याचा चेहरा असा पडायचा, जसा काही मीच सिंह लपवून ठेवलाय. आता विचारलंतच, तर सगळं ऐकून घ्या.

मी होते इथिओपियात. 2009 ते 2015, बाले डोंगरांच्या पायथ्याशी रोबे नावाच्या गावात, तिथल्या विद्यापीठात गणित शिकवायला. तिकडे भारतीय मास्तरांचं कुणाला नवल नाही. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून आपले शिक्षक तिथे जातायत. साठीचा माणूस भेटला की "मला शाळेत इंडियन सर होते" हे ऐकायला मिळायचंच. रोबे साधारण 2500 मीटर उंचीवर. आफ्रिकेत जायचं म्हणून मी बॅगेत सगळ्या सुती साड्या भरलेल्या, आणि पहिल्याच आठवड्यात बाजारात जाऊन गाबी घेतली. गाबी म्हणजे हातमागावरची जाडजूड सुती शाल. अजून वापरते.

सिंह तिथेही आहेत बरं का. बाले पर्वताच्या दक्षिण उतारावर हरेन्नाचं जंगल आहे, कॉफीची रानटी झुडपं असलेलं, धुक्यात बुडालेलं, आणि त्यात सिंह राहतात. मी त्या जंगलातून तीनदा गेले. तिन्ही वेळा धुकंच पाहिलं.

पण हरेन्नाकडे जाणारा रस्ता आधी सनेट्टीच्या पठारावरून जातो, आणि सनेट्टीवर जे भेटलं ते सिंहाहून कितीतरी दुर्मीळ. रोबेजवळचं गोबा गाव सोडलं की गाडी चढायला लागते ती थेट 4000 मीटरपर्यंत. झाडं संपतात. उरतं करड्या रंगाचं खुरटं झुडूप, मधूनच लोबेलिया नावाच्या माणसाहून उंच वनस्पती, डबकी आणि वारा. जानेवारीची सकाळ होती, डबक्यांच्या काठाला बर्फाची पापडी धरलेली. ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि हळूच म्हणाला, "कय कबरो."

तिथल्या अम्हारिक भाषेत त्याचा अर्थ लाल कोल्हा. दिसतोही कोल्ह्यासारखाच: विटकरी तांबडं अंग, गळ्याखाली पांढरं, लांब निमुळतं तोंड, उंच पाय आणि झुपकेदार शेपटीचा शेंडा काळा. पण हा कोल्हा नव्हे. हा इथिओपियाचा लांडगा, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. मोठे झालेले लांडगे सगळे मिळून पाचशेच्या आसपास, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त एकट्या बालेत. बाकीचे सिमियन, वोल्लो, मेंझ, आर्सी अशा डोंगरमाथ्यांवर वाटले गेलेले. एका माथ्यावरून दुसऱ्यावर जायचं तर मधली शेतं-गावं ओलांडायला हवीत, म्हणजे जाणं नाहीच.

हा लांडगा कळपात राहतो, कळपाची हद्द सगळे मिळून राखतात, पण शिकार मात्र ज्याची त्याने करायची. कारण शिकार उंदराची. त्या पठारावर एक मोठा घुशीसारखा प्राणी बिळात राहतो, वजन पाऊण-एक किलो. तो बिळाच्या तोंडाशी येतो, अर्धं अंग बाहेर काढतो, हाताशी येईल तेवढं गवत ओढतो आणि उलट्या पावली आत. माझ्यासमोर लांडगा अशा एका बिळापासून दहा पावलांवर पोट जमिनीला टेकवून बसला. पाऊल टाकायचा, थांबायचा. कान तेवढे हलायचे. मी घड्याळ पाहिलं होतं, अकरा मिनिटं. मग झेप, मातीचा धुरळा, दोन पायांनी खणाखणी, आणि तोंड रिकामं. उठला, अंग झटकलं आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता पुढच्या बिळाकडे निघाला. मला त्या रिकाम्या तोंडाचंच फार कौतुक वाटलं, का कोण जाणे.

तिथले ओरोमो गुराखी त्याला 'जेडाला फर्दा' म्हणतात, घोड्याचा कोल्हा. घोडी किंवा गाय व्यायला झाली की हा मागे मागे फिरतो, वार पडली की खायला. गुरांच्या पायांत पायांत वावरतो आणि तरी गुराखी त्याला फारसं हाकलत नाहीत. बकरी-मेंढी क्वचित नेतो, नाही असं नाही, पण तरस आणि बिबट्याच्या मानाने हा अगदी सोज्वळ.

मग इतका कमी कसा उरला? बंदुकीमुळे असेल, असं मलाही वाटलं होतं. एक कारण म्हणजे बार्ली आणि बटाट्याची शेतं दरवर्षी थोडी वर सरकतात, गुरंही वाढतात. डोंगर मात्र वर निमुळता होत जातो, लांडग्याला वर सरकायला जागा नाही. पण घाऊक मरण येतं ते कुत्र्यांकडून. भांडणात नव्हे. रेबीजने.

तरसापासून गुरं राखायला प्रत्येक घरी एक-दोन कुत्री लागतातच. ती गुरांबरोबर कुरणात चढतात, मोकाट असतात, खाणं आपलं आपण शोधतात. त्यातलं एक पिसाळलं की संपलं. लांडगे कळपात एकमेकांची तोंडं चाटतात, एकाच गुहेत पिल्लं वाढवतात; एकाला लागण झाली की कळपच्या कळप जातो. 2003-04 मध्ये बालेतल्या वेब खोऱ्यातले सुमारे तीन-चतुर्थांश लांडगे असे मेले. मी तिथे असताना 2014 मध्ये पुन्हा साथ आली, आणि पुढच्याच वर्षी डिस्टेंपर नावाच्या रोगाची, तीही कुत्र्यांकडूनच. आमचा कँटीनवाला एरवी फुटबॉलशिवाय बोलायचा नाही. तो त्या दिवसांत सकाळी सकाळी विचारायचा, आज वर किती सापडले?

1995 पासून या लांडग्यांसाठी काम करणारी एक संस्था तिथे आहे. त्यांचा निम्मा जीव लांडग्यांत आणि निम्मा कुत्र्यांत. डिन्शोजवळच्या एका वस्तीवर मी त्यांचं लसीकरण बघितलंय. लसीची पेटी घोड्यावरून आलेली. पोरं कुत्र्यांना दोरीने ओढत आणतायत, एक म्हातारी आपल्या कुत्र्याला कडेवर घेऊन रांगेत उभी, कुत्रं तिच्याहून मोठं. सुई टोचताना तिनेच डोळे मिटले. इंजेक्शन कुत्र्याला, वाचणार लांडगा, आणि तिची नातवंडंही, कारण पिसाळलेलं कुत्रं माणसालाही सोडत नाही.

पण सगळ्या कुत्र्यांपर्यंत पोचणं शक्य नसतं. आम्ही परत आल्यावर, 2018 पासून, लांडग्यांनाच तोंडावाटे लस द्यायला सुरुवात झाली. बकरीच्या मांसाच्या तुकड्यात लस लपवायची आणि रात्री लांडग्यांच्या हद्दीत टाकून यायचं. याच्या मागचा हिशोब मला गणितवालीला फार आवडला. सगळ्यांना लस टोचायची गरज नाही. योग्य कळपांतल्या काही जणांना दिली तरी साथ तिथेच अडते, पुढच्या खोऱ्यात उतरत नाही.

हे सांगताना एकदा पुरंदरकडचा एक धनगर म्हणाला, "बाई, आमच्याकडंबी तेच." खरं आहे त्याचं. आपल्या माळरानावरच्या लांडग्यालाही मोकाट कुत्र्यांचे रोग लागतात, आणि पुण्याजवळ वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले म्हणून डीएनए तपासला तर त्यात कुत्र्याचं रक्त निघालं. त्याने तो रंगच मला हाताने दाखवला, मातीचा एक ढेकूळ उचलून.

तर सिंह नाही पाहिला. दवाखान्यातल्या बाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं, नंबर आला तशा उठल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी जाल तेव्हा मात्र बघूनच या." लांडग्याचा फोटो आहे माझ्याकडे. एकच आहे, आणि त्यात शेपटीचा काळा शेंडा तेवढा आलाय, बाकी सगळं गवत. घरी आलात की दाखवते.