बारावी फ्रेम : पप्पांच्या निगेटिव्हची नोंदवही, ६१ रोल पूर्ण

पाऊस थांबला, हवा जरा कोरडी झाली आणि पत्र्याची ट्रंक मी पुन्हा उघडली. पप्पांच्या जुन्या निगेटिव्ह डिजिटल करतेय; मागच्या नोंदीत ३८ रोलांवर थांबले होते, आज ६१ झालेत. एकूण २१४ आहेत. सगळे १२० फिल्मचे, सहा बाय सहा सेंटिमीटरचे, म्हणजे एका रोलवर बारा फोटो.

पहिल्यांदाच वाचत असाल तर थोडं मागचं सांगते. पप्पांचा वसईत फोटो स्टुडिओ होता आणि त्याला लागूनच फ्रेमिंगचं दुकान. भागीदारीत काका होते. मागच्या वर्षी पप्पा गेले. महिनामिस्सा, म्हणजे महिन्यानंतरची चर्चमधली प्रार्थना, झाली, पाहुणे पांगले आणि मम्मीनं माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. आत बटरपेपरच्या पाकिटांत निगेटिव्ह होत्या, प्रत्येक पाकिटावर नंबर, आणि तोच नंबर हिशेबाच्या लाल वह्यांत. वह्या १९७४ पासून १९८८ पर्यंतच्या. त्यानंतर रंगीत फिल्म आणि लॅबचा जमाना आला, तो भाग वेगळ्या कपाटात आहे. त्याला अजून हात लावलेला नाही.

पहिल्या दहा रोलांतच एक गोष्ट लक्षात आली. रोल लग्नाचा असो, पहिल्या कम्युनियनचा असो की गल्फला निघालेल्या पोरांच्या पासपोर्ट फोटोंचा, अकरा फ्रेम गिऱ्हाइकाच्या आणि बारावी घरची. नंदाखालच्या चर्चच्या पायऱ्यांवर वऱ्हाड उभं आहे, आणि त्याच पट्टीच्या टोकाला आमच्या बावखलाच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठावर आजी कपडे धुतेय. गिऱ्हाइकाला पप्पा अकराच फोटो कबूल करायचे. बारावीचे पैसे वहीत 'घर' नावाच्या खात्यावर चढायचे, बाहेरच्याला जो दर तोच दर, आणि महिन्याच्या शेवटी ते स्वतःच्या खिशातून गल्ल्यात भरायचे. काका भागीदार होते ना. भावाच्या वाट्याची एक फ्रेमसुद्धा आपल्या पोराबाळांसाठी फुकट वापरायची नाही, असा त्यांचा हिशेब. 'घर १, घर १, घर १' अशा ओळी मी पानोपानी बघतेय. त्या मला फोटोंइतक्याच जवळच्या झाल्यात.

आता कामाचं. स्कॅनर मी सोडून दिला, आता निगेटिव्हचा फोटोच काढते. डिजिटल कॅमेरा खाली तोंड करून स्टँडला, मॅक्रो लेन्स, एफ ८, आयएसओ १०० आणि खाली लाइट पॅड, म्हणजे सारखा उजेड देणारी पाटी. कॅमेरा सरळ बसलाय का हे बघायला पॅडवर छोटा आरसा ठेवते. आरशात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की कॅमेरा आणि निगेटिव्ह समांतर. ही युक्ती ज्यांनी मागच्या वेळी सांगितली त्यांचे मनापासून आभार, माझे कोपरे आता एकसारखे धारदार येतात.

फिल्म दोन प्रकारची आहे. कडेची अक्षरं वाचली की कळतं: काही ऑर्वो एनपी २२, पूर्व जर्मनीहून यायची ती, आणि काही उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू. पाकीट उघडल्याबरोबर व्हिनेगरसारखा आंबट वास आला की ते पाकीट लगेच वेगळं काढते. ॲसिटेटची (फिल्मच्या प्लास्टिकचा एक प्रकार) पट्टी दमट उकाड्यात कुजायला लागते आणि तिची वाफ शेजारच्या पट्ट्यांनाही लागते. असे सात रोल आत्तापर्यंत निघाले. त्यांचं स्कॅनिंग आधी केलं, बाकीचे थांबले तरी चालतील.

पाकिटाला चिकटलेल्या पट्ट्या ही इथल्या दमट हवेची देणगी. बुरशी नसलेली एक पट्टी मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडली, पाणी २० अंशांच्या आसपास, त्यात वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब. चाळीसेक मिनिटांनी कागद आपसूक सुटला. ओढायचं नाही, वाट बघायची. बुरशी खाल्लेल्या पट्ट्यांना मात्र पाणी दाखवू नका, तिथलं जिलेटिन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, विरघळून चित्रच वाहून जाऊ शकतं. हे करताना पप्पांचा मे महिना आठवला. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर ठेवायला ते मासळीच्या बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचे. बर्फ गोणपाटात, आणि आम्ही पोरं त्याचे तुकडे पळवायला टपलेलो.

एक चूक झाली आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. रोल ५२, एका नवरीचा अर्धा पुतळा, म्हणजे कमरेच्या वरचा फोटो. काचेसारखी बाजू समजून मी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं धूळ पुसली, आणि बोळा करडा झाला. ती धूळ नव्हती. पप्पांचं पेन्सिलकाम होतं. निगेटिव्हवर आधी पातळ रोगण लावून त्यावर सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं ते बारीक बारीक ठिपके भरायचे. डोळ्यांखालची काळी छाया, देवीचे व्रण, पुटकुळ्या. हे निगेटिव्हमध्ये विरळ असतात, तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये उजळतात. रात्री जेवणं झाल्यावर, खाली दिवा असलेल्या उतरत्या डेस्कवर, एका चेहऱ्याला तास-दीड तास. ते सगळं मी दोन सेकंदांत पुसून टाकलं. त्या नवरीचा उजवा गाल आता कोरा आहे आणि तो मला परत आणता येणार नाही. त्या दिवसापासून प्रत्येक पट्टी आधी तिरप्या उजेडात धरून बघते. शिशाची चमक दिसली की फक्त ब्लोअर, दुसरं काहीही नाही. तुम्हीही हेच करा, विशेषतः स्टुडिओच्या निगेटिव्ह असतील तर.

त्या चुकीनंतरच मी सगळ्या बाराव्या फ्रेम तिरप्या उजेडात पुन्हा तपासल्या. ६१ पैकी एकीवरही पेन्सिल नाही. आजीच्या सुरकुत्या जशा होत्या तशा, माझ्या कपाळावरची खोक, मम्मीचे जागरणाचे डोळे. दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर इतका जीव लावणारा माणूस घरच्यांना एक ठिपकाही लावत नव्हता. मम्मीला विचारलं तर म्हणाली, "तेवढा वेळ होता कुठे त्यांना?" असेलही. पण ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात लग्नं नसायची, चाळीस दिवस स्टुडिओ जवळजवळ रिकामा, तेव्हाच्या फ्रेमसुद्धा तशाच आहेत. मला वाटतं त्यांना आम्ही तसेच हवे होतो.

अजून एक बघण्यासारखं सापडलं. १९८५ च्या पुढच्या काही रोलांत फ्रेम एकमेकींवर चढल्यात, कॅमेऱ्याची फिल्म ओढणारी चक्रं झिजली असणार. रोल ५९ मध्ये अकरावीतली नवरी आणि बारावीतली आमची पडवी यांच्यामध्ये बोटभर जागा दोघींची आहे. नवरीच्या डोक्यावरच्या व्हेलची (ओढणीची) जाळी थेट आजीच्या लाल लुगड्यावर उतरलीय. लुगडं लाल होतं हे मला माहीत म्हणून, फिल्मवर ते करडंच. ही फ्रेम मी कापणार नाही, आहे तशीच प्रिंट करणार.

प्रिंटचा बेत असा: बारा निवडायच्या आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिवशी, कबरस्तानातून परतल्यावर घरी जमणाऱ्या नातेवाइकांना द्यायच्या. पप्पांचाच एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र, ७५ मिलिमीटरची लेन्स. तो कंडेन्सरचा, म्हणजे भिंगांनी उजेड एकवटणारा, आहे, त्यामुळे प्रत्येक ओरखडा ठळक उमटतो. लाइट पॅडवर न दिसलेल्या रेघा पहिल्या टेस्ट प्रिंटमध्ये दिसल्या. निगेटिव्हच्या वर, दिव्याच्या बाजूला, दुधी काच घालून उजेड पसरवावा का, हा विचार चाललाय. एक्सपोजर वाढेल आणि कॉन्ट्रास्ट उतरेल, त्याची भरपाई एक ग्रेड वरच्या, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढवणाऱ्या, फिल्टरनं होईल असा अंदाज आहे. कुणी जुन्या एन्लार्जरवर हे केलं असेल तर काच नेमकी कुठे ठेवली ते कळवा.

कालचं एक सांगते आणि थांबते. रोल ६१ ची बारावी फ्रेम मी 'चुकून पडलेली' म्हणून बाजूला टाकली होती. रिकामी पडवी, बंद दाराची खालची फळी आणि चपलाच चपला. मम्मीला सहज दाखवली. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि एकेक चपलेवर बोट ठेवत गेली. "ही तुझ्या आत्याची, अंगठा तुटलेली. हे काकांचे बूट. ही शेजारच्या म्हातारीची, ती चपला कायम उलट्या काढून ठेवायची. अगं, सगळे आत जपमाळेला बसलेत." वही काढली. तारीख ऑक्टोबरची, जपमाळेचाच महिना. समोर 'घर १'.

चुकून पडलेल्या म्हणून बाजूला काढलेल्या अजून आठ फ्रेम आहेत. उद्या दुपारी त्या घेऊन मम्मीजवळ बसणार आहे.